दोन माणसांचं शीड

आमच्या नावेचं शीड दोन माणसांचं होतं. एकानं खांबाच्या शेंड्यावरून आलेला दोर हळूहळू सैल सोडायचा आणि दुसऱ्यानं खाली येणारं कापड कवेत धरायचं, तेव्हा कुठं ते निमूट उतरत असे. शिवाय मागं सुकाणूवर एक माणूस हवाच. आजा होता तोवर सुकाणूवर आजा बसे, आणि खांबापाशी आबा आणि किसनकाका. मग आजा गेला. पुढच्या वर्षी किसनकाका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, पूर्णेला जाऊन रेल्वेत चिकटला. तिथं खाकी कपडे मिळतात आणि पाय कोरडे राहतात, असं तो सांगत होता. आबांजवळ राहिली एक नाव, एक शीड आणि मी. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. देवळातल्या शाळेत चार यत्ता झाल्या होत्या. पुढची शाळा पाथरीला आणि निजामाच्या राज्यात ती उर्दूत, त्यामुळं तो विषय कुणी काढलाच नाही.

गंगेत शिडाची नाव चालायची हे आमच्या नातसुनेला खोटं वाटतं. तिचा दोष नाही. तिनं पाहिली ती गंगा पुलावरून, आणि वर धरण झाल्यापासून उन्हाळ्यात तिच्या पात्रात ट्रॅक्टर उभे असतात. मी सांगते ती गंगा म्हणजे गोदावरीच, पण ते नाव आम्ही फक्त पुस्तकात वाचलं. आमच्या गावाखाली तिचा दोन कोस लांब डोह होता. पावसाळ्यात तिच्याकडं बघवत नसे, झाडं आणि मेलेली जनावरं वाहत जायची, शीड तेव्हा घरात आढ्याला टांगलेलं. दसरा झाला, पाणी निवळलं, की वारा फिरायचा. उगवतीकडून यायचा, सकाळी दिसतही नसे असा बारीक, दुपारी चांगला अंगात आलेला. गंगा मावळतीकडून उगवतीला वाहते, म्हणून जाताना वारा आम्हाला वर न्यायचा आणि येताना पाणी खाली आणायचं. दोन्ही वेळेला माणसाला नुसतं बसायचं असे. त्या बसण्याचं मला फार वेड लागलं. दोन्ही काठांना शाळू उभा, माळ्यांवरून पाखरं हाकणाऱ्या बायांचे लांब हाकारे, आणि आपण हलत नसून काठच मागं चाललेत असं वाटायचं. कधी कधी अजूनही दुपारी डोळा लागला की खाट सरकायला लागते.

शीड मायनं शिवलेलं होतं. जाडं हातमागाचं कापड, त्याचे सहा पट्टे, दुहेरी शिवण. दरवर्षी दिवाळीआधी ती बाभळीची साल मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या काढ्यात शीड बुडवायची, म्हणजे ते कुजत नाही. दोन दिवस घरात तुरट वास आणि मायचे हात कोपरापर्यंत तांबडे. त्याच हातांनी ती भाकरी थापायची आणि आबा म्हणायचे, "आज भाकरीला शिडाचा रंग आलाय." दोर अंबाडीचा. अंबाडीवर आमचं घर चालायचं म्हटलं तरी चालेल. पाला भाजीला, बोंडं चटणीला, आणि काड्या गंगेच्या कडेला कुजत घालून निघालेला वाख दोराला. भाजीत ज्वारीच्या कण्या आणि वर करडईच्या तेलात तडतडवलेला लसूण. आबांना मरळ मिळाली तर कालवण, नाही मिळाली तर हीच भाजी, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातले पाच दिवस हीच भाजी. संध्याकाळी माय आणि मी दारात बसून मांडीवर वाख वळायचो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. बोलायचो काहीच नाही. दोर वळताना माणूस बोलला की पीळ सैल पडतो असं तिचं मत होतं.

गावच्या घाटावर आणखी दोन नावा होत्या, त्या बांबूनं ढकलायच्या. या तीरावरून त्या तीरावर माणसं न्यायची एवढंच त्यांचं काम. वर, वळणापर्यंत, ओझं घेऊन जायचं ते फक्त आमच्या शिडानं. काका गेल्यावर गावात सगळे म्हणाले, आता भोयाचं शीड आढ्यालाच राहणार. आबांनी एक महिना ऐकून घेतलं. मग एका सकाळी मला म्हणाले, "गये, चल. बघू तुझ्यानं काय हुतंय." माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरीची जात, खांबापाशी उभी ऱ्हायची?" आबा म्हणाले, "मंग तू ये." माय आली नाही, पण पुन्हा बोललीही नाही.

एका माणसानं दोन माणसांचं काम करायचं म्हणजे अवयव वाटून द्यावे लागतात. खांबाच्या शेंड्याला एक भोक होतं. शिडाच्या वरच्या आडव्या बांबूला बांधलेला दोर त्या भोकातून पलीकडं जाऊन खाली यायचा, आणि खांबाच्या बुडाशी खुंटीला गुंडाळलेला असायचा. हा वरचा दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्यांना दोन दोर, त्यांतला एक नावेला पक्का बांधलेला आणि दुसरा माझ्या हातात. हा खालचा दोर. वारा भरला की हा ओढून धरायचा, वारा जास्त झाला की सैल सोडायचा. उतरवताना वरचा दोर खुंटीवरून काढून पायाच्या अंगठ्यात धरायचा, अंगठा थोडा थोडा ढिला करायचा आणि दोन्ही हातांनी कापड गोळा करायचं. पहिल्या आठ दिवसांत माझा अंगठा सोलून निघाला. कापड कवेत मावायचं नाही, अर्धं पाण्यात पडायचं, वाऱ्यानं भरून पुन्हा उभं राहायचं. एकदा त्यानं मला उचलून कडेपर्यंत नेलं. आबा सुकाणूवरून बघत होते. म्हणाले, "कापडाशी भांडू नको. ते मोठं हाय तुझ्यापरीस."

उपाय काढला मायनं. ती घाटावर भांडी घासायला आली होती, तिथून तिनं माझी झटापट पाहिली. सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या पाळण्याच्या दोऱ्या सोडून घेऊन आली. वरच्या आडव्या बांबूपासून खालपर्यंत शिडाच्या दोन्ही अंगांना दोन दोन दोऱ्या तिनं बांधल्या, अशा की कापड खाली आलं तर त्या दोऱ्यांच्या मधेच पडावं. "पोरगं पाळण्यातून भाईर पडतंय का?" ती म्हणाली. "मंग ह्ये कसं पडंल." त्या दिवसापासून शीड खाली आलं की आपसूक घड्या पडून दोऱ्यांत झोपायचं. धाकट्याला पुढं महिनाभर लुगड्याच्या झोळीत घातलं. आबांनी घाटावर कुणाला सांगितलं नाही की ही अक्कल मायची, आणि मायनंही त्यांना कधी विचारलं नाही. आमच्या घरात अशीच पद्धत होती.

आबांचे नियम दोनच. वरचा दोर खुंटीला वेढे देऊन ठेवायचा, गाठ कधी मारायची नाही. आणि दुसरा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "एक मोठी चूक झाली, की तू घरी. मंग मला बी बांबूच." त्यात राग नव्हता. पाऊस येणार असं सांगावं तसं सांगितलं. पण मला ते रोज ऐकू यायचं. घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरी म्हणजे शेण, चूल, धाकटा, आणि एक दिवस कुणीतरी बघायला येणं. गंगेवर असताना या सगळ्याला अजून अवकाश आहे असं वाटायचं.

पौषात एका सकाळी धुरपताबाई घाटावर आली. ही धनगराची म्हातारी, दरसाल आमच्या भागातून जायची. अंगावर काळं घोंगडं, पायात पुरुषी जोडे, आवाज असा की पलीकडच्या तीरावरचं कुत्रं वळून बघावं. तिचे दोन्ही मुलगे मोठा कळप घेऊन लांबच्या वाटेनं गेले होते. तिच्यामागं उरल्या होत्या अठरा मेंढ्या, सगळ्या गाभण, आणि एक कबरी शेळी. गाभण मेंढ्यांना लांब चालवत नाहीत. जवळची वाट उभ्या शाळूतून, तिथं मेंढरू दिसलं की कोंडवाडा. तिला वळणाजवळच्या गायरानात जायचं होतं.

"नाव न्हेती का तिथवर?" तिनं विचारलं.

"न्हेती," आबा म्हणाले. "पर मेंढरं उभी ऱ्हात्याल का?"

"माजी मेंढरं तुमच्या पोरीपरीस शाणी हायती," धुरपताबाई म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "शीड ही पोरगी धरती?"

"धरती."

"बरं. मोठ्यानं बोलू नगासा म्हंजे झालं. आन् काय फडफडू देऊ नगासा. मेंढरू भ्यालं की समदी एका बाजूला पळत्याल, आन् गाभण मेंढी पळाली की पोटातलं ऱ्हात न्हाई."

तिनं आधी कबरीला कानाला धरून नावेत चढवलं. कबरीच्या गळ्यात लहानशी घंटा होती. कबरी चढली तशा मेंढ्या एकीमागं एक चढल्या, कुणी ढकलावं लागलं नाही. नावेच्या पोटात त्या अशा चिकटून उभ्या राहिल्या की वरून बघितलं तर एकच मळकं घोंगडं पसरल्यासारखं दिसावं. मी पुढं खांबापाशी, मधे मेंढ्या आणि म्हातारी, मागं आबा. आबा आणि माझ्यामधे अठरा मेंढ्या होत्या, म्हणजे तिथून ते माझ्यापर्यंत येऊ शकत नव्हते. हे निघताना माझ्या ध्यानात आलं नाही. आबांच्या आलं असणार.

त्या सकाळसारखी सकाळ मी नंतर पाहिली नाही. पाण्यावरून धूर निघत होता, नाव धुरात शिरत होती आणि मागं धूर पुन्हा मिटत होता. कुणी बोलत नव्हतं. आबांना काही सांगायचं झालं तर ते हातानं इशारा करायचे आणि मी मान हलवायची. मेंढ्यांच्या अंगाची ऊब माझ्या पाठीला लागत होती, लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या लाकडाचा वास, आणि कबरीनं मान हलवली की घंटेचा एकच ठोका. धूर विरला तेव्हा दोन्ही काठांचा शाळू उन्हात उभा होता आणि गंगेत उलटाही उभा होता. एक खंड्या आमच्यापुढं पुढं काठीवरून काठीवर जात होता, जणू वाट दाखवायला ठेवलेला. म्हातारीनं सुपारी कातरून तोंडात टाकली, एक तुकडा मला दिला. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण त्या वेळी मला वाटलं होतं की असंच मरेपर्यंत वर वर जात राहावं. बारा वर्षांच्या पोरीला असलं काहीही वाटतं.

मग वारा चाळे करायला लागला. क्षणभर यायचा, क्षणभर पडायचा. शीड भरायचं, रिकामं व्हायचं, आणि दर वेळी त्यातून एक फट्ट आवाज निघायचा. पहिल्या फट्टला मेंढ्यांनी कान उचलले. दुसऱ्याला मागच्या दोघी सरकल्या. म्हातारीनं तोंडातल्या तोंडात "हुर्र, हुर्र" केलं आणि माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं बघितलं. आबा वाऱ्याकडं बघत होते.

मला किसनकाका आठवला. वारा मंद असला की तो वल्ह्यानं शिडावर पाणी उडवायचा. काठावरून मी ते कितीदा पाहिलं होतं. ओलं कापड जड होतं, फडफडत नाही, आणि त्यातून वाराही निसटत नाही. मी तांब्या घेतला आणि गंगेचं पाणी शिडावर मारायला लागले. वरपर्यंत पोचावं म्हणून खांबावर एक पाय देऊन मारलं. दहा-पंधरा तांबे झाले असतील. शीड तांबडं होतं ते काळपट झालं, ताणलं गेलं आणि एकदम गप्प बसलं. नाव सरळ पुढं सरकायला लागली, आधीपेक्षा जोरात, आणि पाण्याला तिच्या पुढच्या टोकापाशी बारीक आवाज फुटला. मेंढ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारी म्हणाली, "हां. आता कसं." मी मागं वळून बघितलं तर आबा माझ्याकडंच बघत होते. ते हसले नाहीत, पण मला ते हसल्यासारखे वाटले. मी फार खूश होते. चूक होते तेव्हा माणूस खूशच असतो, कारण ती अजून झालेली नसते.

वळण दिसायला लागलं तोवर दुपारचा वारा सुटला. वळणाच्या तोंडाशी गंगेत खडकांची रांग आहे, पाण्याखाली अर्धा हात, वरून दिसत नाही, नुसतं पाणी जरा सुरकुतलेलं दिसतं. त्याच्या अलीकडं शीड उतरवायचं, मग आबांनी वल्ह्यानं नाव डाव्या हाताच्या वाळूला लावायची. आबांनी हात खाली केला. उतरव. मी वरचा दोर खुंटीवरून काढला, अंगठ्यात धरला, ढिला केला. दोर हलला नाही. अंगठा सोडून दिला, तरी हलला नाही. मी दोन्ही हातांनी झटका दिला. शीड जिथल्या तिथं, पोटुशीच्या पोटासारखं पुढं आलेलं.

अंबाडीचा नवा दोर. मीच वळलेला. पाणी प्याला की तो फुगतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, घरातल्या रहाटाचा दोर दर पावसाळ्यात फुगायचा. पण खांबाच्या शेंड्यावरचं ते भोक, त्यातून जेमतेम जाणारा दोर, आणि मी वरपर्यंत मारलेलं पाणी, हे तीन मी एकत्र कधी धरलेच नव्हते.

"आबा, येईना," मी हळूच म्हणाले.

"काय येईना?"

"दोर. फुगलाय."

आबांनी वर बघितलं. त्यांनी सुकाणू सोडलं असतं तर नाव आडवी झाली असती, आणि सोडलं तरी मेंढ्यांवरून ते कसे येणार. आवाज न चढवता ते म्हणाले, "खालचा सोड."

मी खालचा दोर सोडला. ओलं शीड फटकारलं. धोब्यानं दगडावर गोधडी आपटावी तसा आवाज. तीन मेंढ्या उधळल्या त्या उजव्या अंगावर गेल्या, नाव तिकडं कलली, आणि कडेवरून पाणी आत आलं, थंड, माझ्या घोट्यापर्यंत. मी दोर पुन्हा ओढून धरला. शीड गप्प झालं, नाव सरळ झाली, आणि सरळ खडकांकडं निघाली. दोर ओढला तर खडक, सोडला तर मेंढ्या. सुरकुतलेलं पाणी आता मला स्पष्ट दिसत होतं.

धुरपताबाई पाण्यात गुडघे टेकून बसली होती. तिनं विचारलं, "पोरी, ते किती बार वाजंल?"

"खांबाला गुंडाळीपत्तुर वाजत ऱ्हाईल."

"बरं. मी सांगितल्याबिगर सोडू नगं."

तिनं अंगावरचं घोंगडं काढलं, कबरीच्या डोक्यावर टाकलं, आणि कबरीला दोन्ही हातांनी छातीशी धरून मेंढ्यांच्या अगदी मधोमध खाली बसली. घंटा मुठीत दाबली. आणि ती गुणगुणायला लागली. गाणं नव्हे, शब्द नव्हते, दुपारी झाडाखाली कळप बसवताना करतात तसा एक लांब सूर. कबरी हलेना तशा मेंढ्या वळल्या. एकीनं दुसरीच्या पोटाखाली डोकं घातलं, दुसरीनं तिसरीच्या. उन्हात मेंढरं करतात तसं. उजव्या अंगाच्या तिघीही आत आल्या. खडक आता चाळीस हातांवर असतील. म्हातारीला त्याची काही घाई दिसेना. मला ती घटका अजून संपल्यासारखी वाटत नाही. ऊन, तो सूर, पाणी, आणि माझ्या हातात बैलासारखा ओढणारा दोर.

"सोड आता," ती म्हणाली.

मी सोडला. शीड आपटलं, पुन्हा आपटलं. मेंढ्या थरथरल्या, पण डोकी बाहेर आली नाहीत. मी तो सुटलेला कोपरा धरला आणि खांबाभोवती फिरायला लागले. उतरत नसेल तर गुंडाळायचं, एवढंच मला सुचलं. पहिल्या फेऱ्यात मायच्या पाळण्याच्या दोऱ्या आडव्या आल्या. मी तशीच पुढं गेले आणि त्या एकामागं एक तट तट तुटल्या. दुसऱ्या फेऱ्याला कापडानं माझ्या तोंडावर फटका मारला, नाकातून रक्त आलं. तिसऱ्या, चौथ्या फेऱ्यात शिडाचा दम गेला. मी त्या ओल्या गुंडाळीला मिठी मारून उभी राहिले. मागं आबांनी सुकाणूवर सगळं अंग टाकलं, नाव वळली, आणि तिचं पोट वाळूला घासल्याचा आवाज आला. त्या आवाजाइतका चांगला आवाज मी नंतर फक्त पोरं झाल्यावर ऐकला.

कबरी उतरली, मेंढ्या उतरल्या, अठराच्या अठरा. म्हातारीनं एकेकीच्या पोटाला हात लावून बघितला. मी वाळूत बसले होते. आबा खांबावर चढले, शेंड्याच्या भोकाला हात लावून बघितला आणि खाली आले.

"पाणी मारायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. मीच."

मला वाटलं आता ते म्हणतील, घरी. मी तयारच होते. पण मधेच म्हातारी बोलली. तिनं फडक्यातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली होती, तुकडे करत होती.

"नावाडीदादा, एक बोलू का? अर्धं शिकवलेलं कुत्रं म्या कळपात ठेवीत न्हाई. ठिवायचं तर पुरं शिकवती. न्हाई तर घराला राखाया ठिवती."

आबा वाळू मुठीत घेत होते आणि सोडत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "किसन पाणी मारायचा, पर आधी त्या भोकाला आन् दोराला चरबी चोळायचा. बकऱ्याची. म्हंजे दोर पाणी पीत न्हाई. ते म्या तुला सांगितलंच न्हाई."

"का?" मी विचारलं.

"तू जायची दुसऱ्याच्या घरी," आबा म्हणाले. "म्हटलं, कामापुरतं सांगावं."

आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली. चटणी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, ते बरं झालं.

परत येताना शीड नव्हतंच, पाणीच आणत होतं. आबांनी मला सुकाणूवर बसवलं आणि स्वतः खांबापाशी, माझ्या जागी, बसले. आणि त्या दोन कोसांत ते जेवढं बोलले तेवढं मी त्यांना आधी किंवा नंतर बोलताना ऐकलं नाही. दोर कोणत्या महिन्यात वळलेला चांगला. वारा येण्याआधी पाण्यावर कोणता रंग येतो. वारा जास्त असेल तर शीड खालून तिसरा हिस्सा दुमडून कसं बांधायचं. एकट्या माणसानं उतरवताना नावेचं तोंड आधी कुठं वळवायचं, म्हणजे कापड आपणहून रिकामं होतं. काकाला माहीत होतं ते, आजाला माहीत होतं ते, आणि काही असं जे आबांनी कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं, गंगा पितळेसारखी दिसत होती, आबांचा आवाज पाण्याबरोबर खाली खाली चालला होता. मी नुसती ऐकत होते. घरी गेल्यावर मायला तुटलेल्या दोऱ्या दाखवल्या. तिनं माझं नाक पुसलं आणि वाख घेऊन दारात बसली.

पुढच्या पौषात धुरपताबाई पुन्हा आली. तेव्हा तिनं सांगितलं, त्या उधळलेल्या तिघींपैकी एकीचा गाभ दोन दिवसांनी गेला. दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. मी ते इथं लिहिते कारण त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मी त्या मेंढीला ओळखत होते, तिच्या डाव्या डोळ्याभोवती काळं होतं.

मी आणखी दोन हिवाळे शीड धरलं. मग माझं लग्न मानवतच्या बाजूला झालं, काळी जमीन, चहूकडं कापूस, आणि पाणी म्हणाल तर विहिरीतलं. निजामाचं राज्य गेलं ते मला तिथंच कळलं. आबांनी शिकवलेल्यातलं काहीएक माझ्या उपयोगी पडलं नाही. सासरी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण लग्नाआधी, त्या दुसऱ्या हिवाळ्यात, किसनकाका सुटी घेऊन आला होता. खाकी कोट, पायात बूट. दुपारी आम्ही वर निघालो तेव्हा म्हणाला, मी पण येतो, लय दिवस झाले. नावेत चढला, बूट काढून ठेवले, आणि सवयीनं खांबापाशी येऊन माझ्यापुढं हात केला. दोर दे, असा. मी आबांकडं बघितलं. आबा सुकाणू नीट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तिला इचार," ते म्हणाले.

काकाचा हात पुढंच होता. वारा यायला लागला होता, पाण्यावर तो काळा रंग उतरला होता, आबांनी सांगितलेला. मी दोर दिला नाही. काका थोडा वेळ उभा राहिला, मग मधे, मेंढ्या उभ्या राहायच्या तिथं, जाऊन बसला, आणि मी शीड वर चढवलं.